अर्थ लागत नाही

सकाळचे साडेसात वाजले होते. बाबांचा पहिला चहा झाला होता, दुसऱ्याचं आधण गॅसवर होतं, आणि माझ्या फोनच्या पडद्यावर टेक्सासमधली रात्र होती. दादाने फोन उपड्या बादलीवर टेकवून ट्रेलरच्या मागे चार-पाच पावलांवर ठेवला होता. तो स्वतः दिसत नव्हता, तो पुढे पिकअपच्या सीटवर. मला दिसत होती फक्त ट्रेलरची मागची आडवी पट्टी आणि तिच्या दोन टोकांना दोन लाल काचा. रातकिडे मात्र स्वच्छ ऐकू येत होते.

"लागला?"

"टेल लागलेत. दोन्ही. पण मिणमिणते आहेत."

"ब्रेक दाबतो. आता?"

"गेला."

"कोणता गेला?"

"दोन्ही गेले. ब्रेक दाबलास की टेलसुद्धा विझतात. सोड... हां, आले परत."

"डावा इंडिकेटर."

"डावा म्हणालास, पण उजवाही लुकलुकतोय. दोन्ही मंद."

बाबा स्वयंपाकघराच्या दारात पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. पेपराआडूनच म्हणाले, "अर्थ बघ म्हणावं."

पलीकडून दादाचा हसण्याचा आवाज आला आणि मग तो एकदम गप्प झाला. मीही. तीस वर्षांपूर्वी दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या अंगणात आम्ही तिघं रोज संध्याकाळी जिथे उभे असायचो तिथेच पुन्हा उभे होतो. फक्त अंगण जरा लांब पसरलं होतं.

बाबांचा धंदा जनरेटर भाड्याने देण्याचा. बडोद्यात आमच्यासारख्या मराठी घरांतून पुष्कळसे नोकरदार, गायकवाडी काळापासून कारकुनी, शिक्षकी, रेल्वे असं काहीतरी चालत आलेलं. बाबांनी मात्र एक २५ केव्हीएचं मशीन घेतलं, ते दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवून घेतलं, आणि ओढायला उघड्या हौद्याची जुनी मॅटाडोर आणली. श्रावण संपला की गणपती, गणपती उठले की नवरात्र, आणि दिवाळीनंतर लग्नं. खरी कमाई नवरात्राची. नऊ रात्री गरब्याच्या मैदानाबाहेर मशीन धडधडत असायचं आणि बाबा शेजारी खाटेवर बसून त्या आवाजातच डुलकी काढायचे. मशीनचा सूर जरा बदलला की लगेच जागे.

संध्याकाळी ट्रॉली बाहेर निघण्याआधी दिव्यांची तपासणी व्हायची. बाबा केबिनमध्ये, मी ट्रॉलीच्या मागे. सातव्या वर्षापासून हे माझं काम. "डावा?" "लागला." "उजवा?" "लागला." "ब्रेक?" सुरुवातीला मी गाणं म्हटल्यासारखं सगळ्याला "लागला" म्हणून मोकळी व्हायचे. एकदा बाबांनी मुद्दाम काहीच न लावता "उजवा?" विचारलं आणि मी ठसक्यात "लागला" म्हटलं. ते खाली उतरले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "हो म्हणू नकोस. काय दिसतं ते म्हण." त्यानंतर प्रश्नच बदलला. "कसा लागला?" मग माझ्याकडे शब्द साठत गेले. भक्क लागला. पिवळट लागला. लागला पण थरथरतोय. दुसऱ्याबरोबर दबतोय. एखाद्या वैद्याला नाडीबद्दल सांगावं तसं मी दिव्यांबद्दल सांगायचे. दादाला याचा हेवा वाटायचा, कारण त्याच्या वाट्याला चाकांची हवा आणि हुकाची पिन आली होती.

गाडी चालवणाऱ्याला आपला मागचा दिवा कधीच दिसत नाही, हे मला तेव्हाच कळलं. पुढचा दिवा रस्त्यावर पडतो, त्याचा उजेड डोळ्यांपुढे असतो. इंडिकेटर लागला की समोर बाण टिकटिकतो. पण टेललाइट लागली की नाही, ब्रेकबरोबर लाल उजळला की नाही, याची काही खबर पुढे येत नाही. गाडी ओढत असलेल्या ट्रॉलीचं तर विचारूच नका. मागे दुसऱ्या कुणाला उभं करावं लागतं.

आजोबा हे वेगळ्या शब्दांत सांगायचे. ते नॅरोगेजवर, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेत होते. बडोद्याबाहेरच्यांना कदाचित ठाऊक नसेल, भारतातली पहिली नॅरोगेज आमच्या मुलखातली: डभोई ते मियागाम, १८६२, खंडेराव महाराजांच्या काळात. सुरुवातीला रुळांवरचे डबे बैल ओढत. आजोबांच्या वेळेला अर्थात इंजिनं होती, पण छोट्या स्टेशनावरचा नियम मोठ्या रेल्वेचाच. गाडी स्टेशनातून गेली की तिचा शेवटचा डबा डोळ्यांनी बघायचा. दिवसा त्याच्यावर 'एल व्ही', म्हणजे लास्ट व्हेइकल, अशा अक्षरांची पाटी, रात्री लाल दिवा, तेव्हा तेलाचा. तो दिसला तर गाडी पूर्ण गेली. दिसला नाही तर मधेच कुठेतरी डबे सुटून रुळांवर उभे असू शकतात, आणि मागून येणाऱ्या गाडीला लाइन देता येत नाही. इंजिन कितीही डौलात शिट्टी वाजवत गेलं तरी त्यावर भरवसा ठेवायचा नाही. रिटायर झाल्यावरसुद्धा प्रतापनगरच्या फाटकापाशी गाडी आली की आजोबा इंजिनाकडे बघायचे नाहीत. शेवटचा डबा येईपर्यंत थांबायचे आणि मगच रस्ता ओलांडायचे.

आता ती गोष्ट सांगते जी मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

१९९४चा हिवाळा. डभोईला एक लग्न होतं. संध्याकाळी अंगणात नेहमीप्रमाणे तपासणी झाली. मी प्रत्येक दिव्याला नीट बघून, जे दिसलं ते सांगितलं. टेल दोन्ही लागले, ब्रेक भक्क, इंडिकेटर दोन्ही बरोबर. खोटं एक अक्षर बोलले नाही. रात्री दोनच्या सुमाराला परत येताना डभोई रस्त्यावर एक मोटरसायकलवाला ट्रॉलीच्या उजव्या कोपऱ्यावर येऊन आदळला. बाबा उतरून मागे गेले तेव्हा ट्रॉली पूर्ण काळोखात होती. एकही दिवा लागलेला नव्हता. त्या माणसाचा पाय मोडला होता. बाबांनी त्याला मॅटाडोरमध्ये आडवं घातलं, ट्रॉली आणि मशीन तिथेच रस्त्याकडेला आमच्या माणसाच्या हवाली केली आणि बडोद्याला दवाखान्यात आणलं. तो वाचला, चार महिन्यांनी चालायलाही लागला. बाबांनी त्याचा सगळा खर्च केला. त्यासाठी दुसऱ्या मशीनसाठी साठवलेले पैसे गेले. याबद्दल घरात कधी कुणी काही बोललं नाही.

मी दहा वर्षांची होते. सकाळी उठल्यावर आईकडून कळलं आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत राहिलं: मी 'लागला' म्हटलं होतं. बाबा दुपारी घरी आले, जेवले नाहीत, सरळ ट्रॉलीखाली जाऊन आडवे झाले. मी जवळ जाऊन उभी राहिले. रडत होते की नाही ते आठवत नाही. ते खालूनच म्हणाले, "तू बरोबर सांगितलंस. उभ्या गाडीचं सांगितलंस. चालत्या गाडीचं मी विचारलंच नव्हतं."

ट्रॉली ज्याने बांधली होती त्याने तिला परतीची वायर दिलीच नव्हती. दिव्यांचे पॉझिटिव्ह सॉकेटमधून आणले होते, सगळे एकाच रंगाच्या वायरने, आणि करंट बॅटरीकडे परत जायला त्याने हुकावर भरवसा ठेवला होता. लोखंडाला लोखंड टेकलंय, होईल काम. अंगणात ट्रॉली उभी असताना मशीनचं वजन हुकावर दाबून बसायचं आणि लोखंड खरोखर टेकायचं. रस्त्यावर धक्के बसू लागले की हुक त्याच्या जागेत खेळायचा. मध्ये ग्रीस, गंज, रंगाचे पोपडे. दिवे क्षणभर लागायचे, क्षणभर जायचे, आणि कधी बराच वेळ जायचे. पुढे बसलेल्याला यातलं काहीही दिसत नाही.

बाबांनी त्याच दिवशी जाड पांढरी वायर घेतली आणि प्रत्येक दिव्याच्या पोटापासून सॉकेटच्या पिनेपर्यंत स्वतंत्र नेली. ट्रॉलीच्या सांगाड्यालाही भरवसा नाही, हुकाला तर नाहीच. आणि तपासणीत एक नवीन भाग आला. दादा ट्रॉलीच्या दांड्यावर उभा राहून उड्या मारायचा, बाबा केबिनमध्ये एकेक दिवा लावायचे, आणि मी मागे. उड्या चालू असताना दिवा जराही थरथरला तर ट्रॉली बाहेर पडत नसे. नवरात्रात मैदानावर लोक वाट बघत असले, फोनवर शिव्या देत असले तरी नसे.

गॅरेजमध्ये 'अर्थ' हा शब्द मी या सगळ्याच्या कितीतरी आधी ऐकला होता. इंग्रजीतला अर्थ, म्हणजे जमीन. पण लहानपणी मला ते ठाऊक नव्हतं. शाळेत मास्तर विचारायचे, कवितेचा अर्थ सांगा. आणि प्रतापनगरकडचे आमचे उस्ताद सॉकेट हातात धरून गुजरातीत म्हणायचे, "अर्थ नथी मळतो." बाबा मराठीत म्हणायचे, "अर्थ लागत नाही." मला बरीच वर्षं वाटत होतं की दिव्यांनासुद्धा अर्थ कळावा लागतो आणि मगच ते लागतात. पुढे डिप्लोमाला गेले तेव्हा हा गैरसमज फिटला. मराठी पुस्तकात 'भूसंपर्क' असा भारदस्त शब्दही वाचला. पण तो कधी जिभेवर बसला नाही. माझं कॉलेज म्हणजे कलाभवनाचाच वारसा. बडोद्यात जुनी माणसं इंजिनिअरिंग कॉलेजला अजून कलाभवनच म्हणतात, सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेलं. तिथले पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की हुन्नर शिकवायचा तो लोकांच्या भाषेतून. आमच्या गॅरेजवाल्यांनी तो आग्रह आपल्या परीने पुढे नेला. परका शब्द उचलला, आपल्या तोंडात घोळवला, आणि तो असा काही बसला की आता त्याच्याऐवजी दुसरा चालतच नाही.

गाडीतल्या या अर्थाचा जमिनीशी काही संबंध नसतो. गाडी तर रबरी टायरांवर उभी. बॅटरीची निगेटिव्ह बाजू चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बांधलेली असते, म्हणून सगळं लोखंड मिळून परतीचा रस्ता बनतं. बॅटरीपासून दिव्यापर्यंत करंट वायरीतून जातो आणि दिव्यातून निघून लोखंडातून घरी येतो. जायच्या वाटेची सगळे काळजी करतात. फ्यूज बघतात, स्विच बघतात, बल्ब काढून हलवून बघतात. परतीची वाट कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती वेगळी अशी दिसतच नाही, ती गाडीतच मिसळलेली असते. आणि ट्रेलरच्या बाबतीत तीच पहिल्यांदा तुटते. माझ्या अनुभवात ट्रेलरचे दिवे वेड्यासारखे वागत असतील, म्हणजे एक लावला की दुसरा लागतो, एक लावला की दुसरा विझतो, तर बल्ब बदलण्यात वेळ घालवू नये. सरळ अर्थाकडे जावं. नुसता एकच दिवा लागत नसेल तर ती गोष्ट वेगळी. तिथे बल्ब, होल्डर, त्याची स्वतःची वायर. पण सगळे मिळून वेडे झाले असतील तर त्या सगळ्यांचं जे एक सामाईक आहे तिथेच दुखणं असणार.

दादाच्या ट्रेलरचं तसंच होतं. पण त्याच्या वायरी आमच्यापेक्षा निराळ्या, म्हणून मी आधी गोंधळले. बाबांनी अपघातानंतर बसवलं ते सात पिनांचं गोल सॉकेट, युरोपात चालतं ते. पिवळा डावा इंडिकेटर, हिरवा उजवा, लाल ब्रेक, तपकिरी आणि काळा दोन बाजूंचे टेल, निळा मागच्या धुक्याच्या दिव्याचा, पांढरा अर्थ. प्रत्येक कामाला स्वतंत्र वायर. अमेरिकेतल्या छोट्या ट्रेलरला चारच वायरी असतात, एका चपट्या पट्टीत ओळीने. पांढरा अर्थ, तपकिरी टेल, पिवळा डावा आणि हिरवा उजवा. मग ब्रेक कुठे? तर ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वायरीवर. ब्रेक दाबला की पिवळा आणि हिरवा दोन्ही एकदम जळतात, वळायचं असलं की त्यातला एक लुकलुकतो. तिथे मागचा इंडिकेटर लाल चालतो म्हणून हे जमतं. एकाच बल्बात दोन तारा, एक बारीक टेलसाठी आणि एक जाड ब्रेक-इंडिकेटरसाठी.

मी कागद घेतला, दोन बल्ब काढले आणि पांढऱ्या वायरीवर फुली मारली. मग सगळं स्पष्ट झालं. टेल लावलं की करंट तपकिरी वायरीने बारीक तारेत येतो. तिथून त्याला पांढऱ्याने घरी जायचं असतं, पण पांढरी बंद. मग तो त्याच बल्बातल्या जाड तारेतून उलटा शिरतो, पिवळ्या-हिरव्या वायरींनी मागे जातो आणि पिकअपच्या स्वतःच्या ब्रेकच्या बल्बातून अर्थ गाठतो. दुसऱ्याच्या घरातून वाट काढत जावं तसा. म्हणून टेल मिणमिणते. आता ब्रेक दाबला की पिवळ्या-हिरव्यावरही बारा व्होल्ट येतात. एका टोकाला बारा, दुसऱ्या टोकाला बारा. उतारच उरला नाही, मग पाणी वाहणार कुठे? दोन्ही दिवे विझले. ज्या क्षणी मागच्याला लाल दिसायला हवं त्याच क्षणी काळोख. हे चित्र कागदावर पुरं झालं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आधीच्या आठवड्यात दादा या ट्रेलरवर सामान घालून दोन तास हायवेने आला होता.

"पण वायर बरोबर आहे," दादा म्हणाला. "मी मीटर लावला. पिवळ्यावर बारा पॉइंट चार येतात."

"काळी पिन कुठे टेकवलीस?"

"पिकअपला."

तिथेच चूक होती. पिकअपला टेकवून तो पिकअपचाच अर्थ वापरत होता. ट्रेलरचा प्रश्न त्याने विचारलाच नव्हता. आणि मीटरचा आणखी एक स्वभाव असतो. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, अँपिअरचा दहालाखावा भाग जेमतेम. वायरीचे सगळे तंतू कुजून एकच केसाएवढा उरला असला तरी तो मीटरला बारा व्होल्ट हसतमुखाने दाखवतो. पण एकवीस वॉटच्या बल्बाला पावणेदोन अँपिअर लागतात, ते त्या एका केसातून नीट जात नाहीत. म्हणून बाबांची पद्धत: एकवीस वॉटचा बल्ब, त्याला दोन लांब वायरी, टोकांना क्रोकोडाइल क्लिपा. लहानपणी मी त्यांना विश्वामित्रीवाल्या म्हणायचे, कारण आमच्या नदीतल्या मगरींची तोंडं तशीच. हा बल्ब वायरीकडून काम मागतो. भक्क लागला तर वायर चांगली. पिवळट लागला तर वाटेत कुठेतरी अडथळा. मीटरला विचारलं तर तो वायरीचं नाव सांगतो. बल्ब तिचं बळ सांगतो.

दादाकडे तसा बल्ब नव्हता, तेव्हा मीटरनेच दुसरं मोजायला सांगितलं. लाल पिन ट्रेलरच्या उघड्या लोखंडाला, काळी पिकअपच्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि दिवे चालू. अर्थ चांगला असेल तर इथे जवळजवळ शून्य यायला हवं, फार तर एक-दोन दशांश व्होल्ट. ब्रेक दाबून धरायला त्याने त्याच्या मुलाला झोपेतून उठवून सीटवर बसवलं. आकडा आला अकराच्या वर. म्हणजे ब्रेक दाबला की ट्रेलरचा अख्खा सांगाडा बॅटरीच्या पॉझिटिव्हला चढून बसत होता. हुकाचा गोळा ग्रीसने माखलेला, सुरक्षेच्या दोन साखळ्या होत्या पण गंजून तपकिरी. कुठूनही परतीची वाट नाही.

बाबा आता पेपर सोडून माझ्या खांद्यामागे येऊन उभे होते. "एक वायर घे म्हणावं. एक टोक दिव्याच्या बोल्टला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. मग बघ."

दादाने जंप-स्टार्टची लांब केबल काढली. काळी घेतली, लावली. बादलीवरच्या फोनमधून एकदम दोन लाल डोळे उघडले. टेल स्वच्छ. ब्रेक: दोन्ही भक्क. डावा: फक्त डावा. उजवा: फक्त उजवा. मी ओरडून सांगत होते आणि बाबा माझ्या मागून तेच हळू आवाजात म्हणत होते.

पुढचं शोधणं सोपं होतं. केबलचं टोक दिव्याच्या बोल्टवरून काढून ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर लावलं तरी दिवे तसेच लागत होते. म्हणजे मागचा सांगाडा ठीक, दुखणं पुढेच. चपट्या पट्टीतली पांढरी वायर दांड्याला एका स्क्रूने बांधलेली होती. स्क्रू काढल्यावर खाली रंग, रंगाखाली गंज, आणि वायरीच्या टोकाला हिरवी पूड. तांबं पाण्याशी राहिलं की असं हिरवं होतं. वायर सोलली तर आत एक वितीवर तंतू काळे पडलेले. पाणी वायरीच्या कवचाखालून दिव्यातल्या वातीसारखं चढतं, हे मी आमच्या स्वतःच्या ट्रॉलीवर शिकले. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा कारेलीबागेतल्या गोडाऊनमध्ये ट्रॉली पाण्यात उभी राहिली. पाणी उतरल्यावर मी सांधे पुसले, दिवे लावले, सगळे लागले. बाबा म्हणाले, वायरी काप. मी एकेक सांधा कापला. वरून चकचकीत असलेल्या वायरींच्या आत हातभर काळं होतं. गणपती दहा दिवसांवर आलेले, आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून वायरी बदलत होतो.

दादाला तेच करायला लावलं. काळं संपून लालसर तांबं दिसेपर्यंत वायर काप. पुरत नसेल तर नवा तुकडा जोड, पण ती टोचून बसवायची प्लॅस्टिकची चिमटी वापरू नकोस. ती कवचाला भोक पाडते आणि पाण्याला दार उघडून देते. टोकाला लग, म्हणजे धातूची कडी, नीट दाबून बसव, वर तापवली की आवळून बसणारी हीट श्रिंकची नळी. दांड्यावरचा रंग घासून लोखंड आरशासारखं कर, दातेरी वायसर घाल, बोल्ट आवळ, आणि मग सगळ्यावर व्हॅसलिन. आधी व्हॅसलिन नाही, आधी लोखंडाला लोखंड, मग वरून लेप. "आणि सवड मिळाली की दोन्ही दिव्यांपर्यंत स्वतंत्र पांढरी वायर ने," मी म्हटलं. "सांगाड्यावर राहू नकोस."

"माहितीये," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "दांड्यावर उड्या मी मारायचो."

बाबांच्या आग्रहाने आणखी एक गोष्ट झाली. ट्रेलरच्या मागच्या पट्टीवर, दोन्ही टोकांना, लाल चमकणारी टेप. दादाकडे ती गॅरेजमध्ये होतीच. आमच्या ट्रॉलीला बाबांनी ती कधीपासून लावली आहे, आणि डभोई रस्त्याला रात्री जाताना पुढे बिनदिव्याची ट्रॅक्टर-ट्रॉली दिसली तर हळहळत बसण्यापेक्षा ढाब्यावर गाठून तिच्या मालकाला टेपचा तुकडा देतात. डॅशबोर्डच्या खणात गुंडाळी असते. टेपेला बल्ब लागत नाही, बॅटरी लागत नाही, अर्थ लागत नाही. मागून येणाऱ्याच्याच दिव्याने ती उजळते. चाळीस-पन्नास रुपयांत एका ट्रॉलीचं काम होतं. तरी महिन्यातून एकदा तरी काळोखी ट्रॉली भेटतेच, कापसाने किंवा विटांनी भरलेली, आणि आपल्या हेडलाइटच्या कडेला ती अचानक भिंतीसारखी उभी राहते. मला त्या वेळी राग येतो, आणि तो शांत करायचा प्रयत्न मी करत नाही.

टेक्सासमध्ये दहा वाजून गेले होते. आमच्याकडे आधण आटून गेलं होतं, ते बाबांनी फेकून नवं ठेवलं आणि पुन्हा येऊन उभे राहिले. दादाने मुलाला झोपायला पाठवलं. तपासणी पुन्हा एकदा झाली, त्याने ट्रेलरच्या पट्टीवर लाथा मारून बघितल्या, दिवे हलले नाहीत.

"झालं," तो म्हणाला. "ठेवू आता?"

"चालत्या गाडीचं?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फोनपर्यंत पोचला की नाही मला कळलं नाही, म्हणून मी परत म्हटलं. "बाबा विचारतायत, चालत्या गाडीचं काय?"

पलीकडे दार आपटल्याचा आवाज झाला, इंजिन चालू झालं. फोन बादलीवर तसाच. लाल दिवे आधी भक्क झाले, मग ब्रेक सुटल्यावर शांत, आणि हळूहळू लांब जाऊ लागले. घरासमोरच्या उतारावरून रस्त्याला लागताना ट्रेलर एकदा जोरात उसळला. मी श्वास धरला. दिवे हलले नाहीत. मग उजवा लुकलुकला, फक्त उजवा, आणि दोन्ही कोपऱ्यावरून वळून दिसेनासे झाले. पडद्यावर काळोख उरला आणि रातकिडे.

मी फोन ठेवायला हात पुढे केला. बाबांनी माझं मनगट धरलं. "थांब," ते म्हणाले, "तो येईल ना फेरी मारून," आणि चष्मा पुसून पुन्हा त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले.